फाटलेल्या पाकिटाला उत्तर कसे द्यावे

वाचकाचे पत्र (थोडक्यात): "आम्ही समुद्रपूर तालुक्यात राहतो. घरच्या वावरातली हळद, मिरचीचे तिखट आणि तुरीची डाळ पाकिटात भरून विकतो. दोन वर्षांपासून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो. माल नागपूर, पुणे, मुंबईला जातो. फोन माझा पुतण्या सांभाळतो, तो बारावीत आहे. श्रावणात पुण्याच्या एका बाईंना पाठवलेले पार्सल फाटून पोचले, हळदीच्या गाठी झाल्या होत्या. त्यांनी तीन दिवस मेसेज पाठवले. आम्ही निंदणात होतो, नेटवर्कही धड नव्हते, कोणी पाहिले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी गूगलवर एक तारा देऊन 'फसवणूक' असे लिहिले आणि फोटो टाकला. पुतण्याने रागात खाली उत्तर दिले, 'आमचा माल ओरिजिनल आहे, तुम्हीच पाणी लावले असेल, फुकट पाहिजे होते तर तसे सांगायचे.' शिवाय त्यांचे चॅट नाव-नंबरासकट आमच्या ग्राहकांच्या ग्रुपवर टाकले. तेव्हापासून ऑर्डर अर्ध्यावर आल्या आहेत. भासरे (नवऱ्याचे मोठे भाऊ) म्हणतात, गावातल्या दहा जणांकडून चांगले रिव्ह्यू टाकून घ्या. मुलगी म्हणते, इंग्रजीत उत्तर द्या. आणि प्रत्येक तक्रारीला पैसे परत करत बसलो तर धंदा कसा चालेल?"

ताई,

पाकीट फाटल्याची गोष्ट तुम्ही पत्रात आधी लिहिली आहे आणि ग्रुपवर टाकलेल्या चॅटची शेवटी, तीही "शिवाय" असा शब्द लावून. माझ्या मते क्रम नेमका उलटा आहे. पावसाळ्यात पार्सल फाटते हे पुण्याच्या बाईंनाही कळते. तीन दिवस उत्तर न मिळणे हा त्रास त्याहून मोठा होता, कारण पैसे आधी देऊन बसलेल्या माणसाला समोरून काहीच ऐकू आले नाही की मनात पहिली शंका फसवणुकीचीच येते. 'फसवणूक' हा शब्द त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलेला नाही, चौथ्या दिवशी लिहिला आहे, याकडे कृपया लक्ष द्यावे. पुतण्याचे उत्तर त्यापेक्षाही वाईट आहे. आणि एका अनोळखी स्त्रीचे नाव व फोन नंबर तुमच्या सगळ्या ग्राहकांसमोर ठेवणे, हे या साऱ्यांत सर्वांत वाईट. म्हणून आज संध्याकाळी फोन हातात घ्याल तेव्हा सुरुवात तेथून करावी.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर सर्वांच्या फोनमधून काढून टाकण्याची सोय पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसच असते, आणि ती मुदत आता उलटून गेली आहे. त्यामुळे ग्रुपवर तुम्ही स्वतः, तुमच्या नावाने, असे लिहावे: "मागे या ग्रुपवर आमच्याकडून एका ग्राहकाचे चॅट टाकले गेले. ते टाकणे ही आमची चूक होती. कृपया ते आपल्या फोनमधून काढून टाकावे आणि पुढे कोणालाही पाठवू नये." एवढेच. कोण बरोबर होते, हळद कशी होती, याचा एक शब्दही तेथे नको. त्यानंतर तो ग्रुपच बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा ग्रुपमध्ये प्रत्येक ग्राहकाचा नंबर दुसऱ्या प्रत्येक ग्राहकाला दिसतो, आणि तुमच्याकडून पाव किलो हळद घेणाऱ्या बाईंनी त्याला कधीही होकार दिलेला नसतो. देशाने 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हीच साधी गोष्ट आहे की माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करावी. एका यादीत 256 जण बसतात, प्रत्येकाला निरोप स्वतंत्र जातो, आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. मात्र ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, म्हणून पार्सलसोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर "आमचा नंबर सेव्ह करून ठेवावा" अशी विनंती छापावी.

आता त्या बाईंना लिहायचे. एकदम फोन लावू नये. चिडलेल्या माणसाला अनोळखी नंबरावरून आलेला फोन पुन्हा भांडणासाठीच आल्यासारखा वाटतो. आधी लेखी निरोप पाठवावा आणि बोलायचे की नाही हे त्यांच्यावर सोडावे. मी तुमच्या जागी असते तर असे लिहिले असते:

"नमस्कार. मी हळदीचा हा व्यवसाय चालवते. आपले पार्सल फाटलेले आणि हळद ओली पोचली, आणि तीन दिवस आमच्याकडून आपल्याला उत्तर मिळाले नाही. गूगलवर आमच्याकडून जे लिहिले गेले ते चुकीचे होते आणि ते मी काढले आहे. आणखी एक गोष्ट मला आपल्याला स्वतःहून सांगितली पाहिजे. आपले चॅट आमच्या ग्राहकांच्या ग्रुपवर नंबरासह टाकले गेले होते. सर्वांना ते काढून टाकण्यास सांगितले आहे आणि तो ग्रुप मी बंद केला आहे. या सर्वांबद्दल मी आपली माफी मागते. आपले पूर्ण पैसे मी आज परत पाठवते. ते कोणत्या नंबरावर पाठवू, एवढे कळवावे. ती हळद कृपया वापरू नये."

ग्रुपची गोष्ट आपणहून सांगायला तुम्हाला जड जाईल, याची मला कल्पना आहे. पण ग्रुपवरचे कोणीतरी ती त्यांना कधी ना कधी सांगणारच, आणि तेव्हा तुमची आधीची माफीही खोटी ठरेल. निंदणाचा आणि नेटवर्कचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. तो खरा आहे, पण पहिल्याच निरोपात तो आला की वाचणाऱ्याला माफीऐवजी सबब ऐकू येते. त्यांनी विचारले तर सांगावे. रिव्ह्यू काढण्याची विनंती या निरोपात नको आणि पुढच्याही नको. पैसे परत करणे आणि रिव्ह्यू काढणे या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की तो सौदा होतो. त्यांना वाटले तर त्या आपला रिव्ह्यू बदलू शकतात, गूगल तशी सोय देते. त्यांनी उत्तरच दिले नाही, तर आठ दिवसांनी एकदा आठवण करावी आणि मग थांबावे. ऑर्डरचे पैसे ज्या खात्यावरून आले होते तेथेच ते परत पाठवता येत असतील तर त्यांच्या उत्तराची वाट न पाहता पाठवून द्यावेत.

गूगलवरच्या उत्तराचे काय करायचे? दुकानदाराने दिलेले उत्तर दुकानदाराला बदलता येते आणि काढताही येते, परंतु ग्राहकाने लिहिलेला रिव्ह्यू तुम्हाला काढता येत नाही. गूगलकडे त्याविरुद्ध तक्रार करता येते, पण ती नियमभंगासाठी, म्हणजे शिवीगाळ किंवा भलत्याच गोष्टींच्या मजकुरासाठी. रिव्ह्यू वाईट आहे हा नियमभंग नव्हे. तेव्हा पुतण्याचा मजकूर काढून तेथे तुम्ही असे लिहावे: "आपले पार्सल ओले व फाटलेले पोचले आणि आमच्याकडून वेळेवर उत्तर गेले नाही, याबद्दल आम्ही क्षमा मागतो. आधी येथे लिहिलेले उत्तर अयोग्य होते, ते काढले आहे. आपले पैसे परत करण्याबाबत आपल्याला स्वतंत्र निरोप पाठवला आहे. पावसाळ्यात जाणारे प्रत्येक पाकीट आता दुहेरी बांधणीत पाठवत आहोत." शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे. ते खरे करण्यासाठी काय करावे, हे पुढे लिहिते.

हे उत्तर त्या बाई वाचतील, पण त्यांच्याहून अधिक ते वाचतील ते अजून न आलेले ग्राहक. उद्या अकोल्याचा किंवा ठाण्याचा माणूस हळद शोधत तुमच्या नावापर्यंत येईल, एक ताऱ्याचा रिव्ह्यू पाहील आणि लगेच त्याखाली तुम्ही काय म्हणालात ते पाहील. आपल्यासोबत असे झाले तर ही माणसे कशी वागतील, हे त्याला त्या चार ओळींवरूनच ठरवायचे असते. सध्या तेथे त्याला "फुकट पाहिजे होते तर तसे सांगायचे" हे वाक्य दिसते. ऑर्डर अर्ध्यावर येण्याचे कारण एक तारा नसून ते वाक्य आहे, असे मला वाटते.

भासऱ्यांचा सल्ला मात्र मुळीच मानू नये. त्यांची कळकळ खरी आहे, पण ज्यांनी तुमच्याकडून कधी पैसे देऊन हळद घेतली नाही त्यांनी ग्राहक म्हणून लिहिणे हे खोटे आहे, आणि ते ओळखूही येते. एकाच आठवड्यात, एकाच गावातून, एकसारख्या शब्दांत आलेले दहा रिव्ह्यू वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. गूगलच्या नियमांत खोटे किंवा मोबदला देऊन घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत. ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणाऱ्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचा रिव्ह्यू लिहू नये, असे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे, आणि ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 साली आयएस 19000 हे स्वतंत्र मानकच काढले आहे. भासऱ्यांना दुसरे काम द्यावे. तुमचे जे जुने, खरे ग्राहक आहेत, जे दरवर्षी नव्या हळदीची वाट पाहतात, त्यांना त्यांनी फोन करून "तुम्हाला जसा अनुभव आला तसा लिहा, बरा-वाईट जो असेल तो" अशी विनंती करावी. महिन्याभरात चार आले तरी पुरेसे आहेत.

मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण तो वरवर छोटा असला तरी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर इंग्रजीत देऊ नये. बाईंनी मराठीत लिहिले आहे, मराठीतच उत्तर द्यावे. हिंदीत विचारणाऱ्याला हिंदीत द्यावे. ज्या भाषेवर आपला ताबा नाही तिच्यात माफी मागितली की ती कोठूनतरी उतरवून घेतल्यासारखी दिसते. मात्र मराठीतही आपण कोणती मराठी लिहितो याचा विचार करावा लागतो, आणि येथे आपल्या वऱ्हाडी बोलीबद्दल थोडे मोकळेपणाने लिहिते.

आपल्या बोलण्यात जो जिव्हाळा आहे तो आवाजात असतो. "पाहून राहिलो ना जी" असे आपण म्हणतो तेव्हा त्यातला "जी" आणि लांबवलेला "ना" ऐकणाऱ्याला धीर देतात. तेच लिहून पाठवले की पुण्याच्या किंवा सांगलीच्या माणसाला त्यात टाळाटाळ दिसते. "काऊन घाई करता" (का घाई करता) हे आपण हसत म्हणतो, ते वाचणाऱ्याला दरडावल्यासारखे लागते. आणि काही ठिकाणी तर अर्थच बदलतो. आपल्याकडे "पार्सल उद्या पोचून जाईन" असे सहज म्हणतात, कारण वऱ्हाडीत "तो जाईन" म्हणजे तो जाईल. प्रमाण मराठी वाचणाऱ्याला मात्र "जाईन" म्हणजे मी जाईन असे कळते, आणि पार्सल कोण घेऊन येणार या विचारात तो पडतो. हे सारे मी बोली टाकून द्या म्हणून सांगत नाही. फोनवर तुम्ही जशा बोलता तशाच बोलाव्यात. तुमची हळद तुमच्या गावची आहे, तसा तुमचा आवाजही त्या गावचाच असावा, आणि परगावच्या पुष्कळ ग्राहकांना तो आवडतोही. पण जे लिहून जाते ते पूर्ण वाक्यात, "आपण" किंवा "तुम्ही" म्हणून, तारीख आणि वार घालून लिहावे. "उद्या-परवा निघेल" असे लिहिण्याऐवजी "गुरुवारी सकाळी हिंगणघाटहून पाठवतो, पाठवल्यावर पोस्टाचा क्रमांक कळवतो" असे लिहावे. स्पीड पोस्टच्या पावतीवर दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असा क्रमांक असतो. त्या पावतीचा फोटो पार्सल टाकल्याबरोबर पाठवण्याची सवय लावली, तर "माझे पार्सल कुठे आहे" या विचारणा पुष्कळ कमी होतील. आवाजाचे निरोप तक्रारीच्या वेळी टाळावेत. दोन मिनिटांच्या निरोपात पैसे कधी मिळणार हे कोठे सांगितले, ते ग्राहकाला पुन्हा शोधता येत नाही, आणि उद्या वाद झाला तर तुम्हालाही ते दाखवता येत नाही.

आता त्या तीन दिवसांबद्दल. शेतकऱ्याच्या घरातल्या व्यवसायाने शहरातल्या दुकानासारखे दिवसभर फोनजवळ बसावे, असा सल्ला मी देणार नाही. डवरणी, निंदण, सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी या दिवसांत तुमचे हात रिकामे नसतात, आणि ते ग्राहकाला सांगण्यात कमीपणाही नाही. पण ते आधी सांगावे लागते. व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे जे ॲप आहे (2018 पासून ते भारतात मोफत मिळते) त्यात आपण जवळ नसताना आपोआप जाणारा निरोप लावून ठेवता येतो. तुमचा पुतण्या साधे व्हॉट्सॲप वापरत असेल तर ते ॲप घ्यावे आणि निरोप असा ठेवावा: "नमस्कार. आम्ही शेतकरी कुटुंब आहोत, दिवसा शेतात असतो. मेसेजला रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत उत्तर देतो. पार्सल खराब पोचले असल्यास कृपया फोटो पाठवून ठेवावा, आज नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत नक्की उत्तर देऊ." एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा निरोप त्याच वेळी जातो जेव्हा तुमच्या फोनला इंटरनेट मिळत असते. फोन वावरात, नेटवर्क नसलेल्या जागी असला तर तो जात नाही. म्हणून त्या फोनची जागा घरात ठरवून टाकावी, जेथे दोन कांड्या तरी येतात, आणि तो चार्जिंगला लावून तेथेच ठेवावा. वावरात जाताना दुसरा न्यावा.

ई-कॉमर्सच्या ज्या नियमांचा मी वर उल्लेख केला त्यांत तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी आणि निवारण एका महिन्याच्या आत करावे, असा दंडक ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना घातला आहे. मोठ्या कंपन्यांसाठी केलेले ते माप आपल्यासारख्या घरगुती व्यवसायाने स्वतःहून पाळायला हरकत नाही, उलट महिन्याऐवजी आठ दिवस धरावेत. पोच आणि निवारण वेगळे आहेत, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावे. पैसे परत द्यायचे की पाकीट, हे ठरायला दोन दिवस लागू शकतात, पण "आपली तक्रार मिळाली, फोटो पाहिला, शनिवारी संध्याकाळपर्यंत काय करतो ते कळवते" हे लिहायला एक मिनिटही लागत नाही. आणि शनिवारी काही ठरले नसेल तरी शनिवारी लिहायचेच. हिंगणघाटला बचत गटांच्या मालाच्या विक्रीचे काम मी काही वर्षे पाहिले. एकदा एका ग्राहकाला "सोमवारी कळवते" असे लिहून मी बुधवारी चांगली बातमी दिली होती, पूर्ण पैसे परत, तरी त्यांचा राग गेला नाही. सोमवारी दिवसभर त्यांनी वाट पाहिली होती. तेव्हापासून मी पाळता येईल तोच वार लिहिते.

पोळा आणि तान्हा पोळा, दिवाळी, घरातले लग्न, अशा वेळी आधीच दोन दिवस ब्रॉडकास्टवर कळवावे की अमुक तारखेपर्यंत पार्सल निघणार नाही. याचा ग्राहकाला राग येत नाही.

हळदीच्या गाठींविषयी थोडे. हळदीची भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते, आणि अन्न सुरक्षेच्या नियमांत भुकटीतल्या पाण्याचा अंश दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा अशी मर्यादा आहे. श्रावणात एकेरी पन्नीचे पाकीट, वर कागद, आणि पोस्टाच्या थैलीत दोन दिवस, एवढ्यात गाठी होणारच. जाड, दोन थरांचे, कडेने गरम करून बंद केलेले पाकीट, त्यावर दुसरी पन्नी, आणि तेही पुठ्ठ्याच्या खोक्यात, असे पावसाचे चार महिने तरी करावे. खर्च वाढेल तेवढा भाव वाढवावा आणि का वाढवला ते लिहावे. कोणाच्या पाकिटात गाठी झाल्याचे कळले तर "काही होत नाही, चाळून वापरा" असे दुरून कधीही सांगू नये. गाठ कोरडी आहे की बुरशीची, हे फोटोवरून तुम्हाला कळणार नाही.

रंग आणि वास यांविषयी विचारणा येतात, त्यांना चिडून उत्तर देण्याचे काहीच कारण नाही. बाजारातली हळद पुष्कळदा अधिक पिवळी दिसते, त्यामुळे घरची हळद पाहून "रंग फिका आहे" असे ग्राहक म्हणतो. त्याला "आमची ओरिजिनल आहे" एवढे सांगून भागत नाही. त्याला करून पाहता येईल असे काही सांगावे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवली तर शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिके पिवळे राहते, कृत्रिम रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळे होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरी करण्यासाठी सांगितलेली ही चाचणी आहे. दुसरी नेहमीची विचारणा, "ही खरी वायगावची का?" वायगाव हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून हा प्रश्न वाढला असणार. वर्धा जिल्ह्यात वायगावे एकाहून अधिक आहेत आणि हळदीचे ते तुमच्या तालुक्यातले वायगाव हळद्या, हे परगावच्या माणसाला ठाऊक नसते, ते नीट सांगावे. तुमचे वावर कोणत्या गावात आहे, बेणे कोणते लावले, तुम्ही त्या मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्या आहात की नाही, हे जसे असेल तसे लिहावे. नसाल तर मानांकनाचे चिन्ह पाकिटावर छापू नये आणि तोंडीही तसे सुचवू नये. तिखटाविषयीही हेच: मिरची भिवापुरी असेल तरच भिवापुरी म्हणावे.

पैसे परत करण्याच्या प्रश्नावर माझे मत असे की तुम्ही प्रत्येक तक्रारीला पैसे परत करत नाही आहात, तुम्हाला तशी भीती वाटते आहे. गेल्या दोन वर्षांत किती पार्सले गेली आणि किती खराब पोचली, हे वहीत पाहिले तर आकडा लहान निघेल. वही नसेल तर आजपासून घालावी: तारीख, ग्राहक, तक्रार काय, पहिले उत्तर कधी दिले, काय ठरले, कधी पूर्ण झाले. व्हॉट्सॲपच्या त्या ॲपमध्ये चॅटला रंगीत खुणा लावता येतात, "तक्रार" अशी एक खूण करून ठेवली तर कोणतेही चॅट खाली दबून जात नाही. पण वही असावीच, कारण तीन महिन्यांनी पाने उलटली की कोणत्या महिन्यात, कोणत्या मार्गाने, कोणते पाकीट फुटते हे दिसते. नियम आधी ठरवून तो ॲपमधल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, लिहून ठेवावा. पार्सल फुटले किंवा ओले पोचले तर, फोटो तीन दिवसांत आला की, ग्राहक म्हणेल ते, पैसे किंवा नवे पाकीट. चव आवडली नाही म्हणून न फोडलेले पाकीट परत आले तर मालाचे पैसे, टपालखर्च ज्याचा त्याने. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवाच, अशी अट काही जण घालतात. पाव किलो हळदीसाठी ती अट मला अपमानकारक वाटते. क्वचित कोणी खोटी तक्रार करेलही. ते दोन-चारशे रुपये गेले असे समजावे.

पैसे परत करताना मात्र एक सावधगिरी. पैसे घेण्यासाठी कोणालाही पिन टाकावा लागत नाही. "हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुमचे पैसे जमा होतील" असे ग्राहक म्हणवणाऱ्या कोणी सांगितले तर तो ग्राहक नव्हे. भरल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल पाठवू नये, खात्यात आल्याचे पाहून पाठवावा. असे काही घडलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

राहिला पुतण्या. त्याच्याकडून फोन काढून घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. घरच्या मालाला कोणी फसवणूक म्हटले तेव्हा त्याला राग आला, हे त्याच्या चांगुलपणाचेच लक्षण आहे, आणि दोन वर्षे अभ्यास सांभाळून तोच हे काम करत आला आहे. त्याला एकच बंधन घालावे. तक्रारीला पोच त्याने द्यावी, पण तक्रारीचे उत्तर तुम्ही वाचल्याशिवाय जाऊ नये. रात्री नऊच्या आत तुम्ही दोघांनी बसून ते एकत्र लिहावे. त्याला टंकता येते, तुम्हाला माणसे कळतात. नेहमीची उत्तरे, भाव, टपालखर्च, हळद साठवण्याची पद्धत, ही ॲपमधल्या तयार उत्तरांत त्याने एकदा नीट लिहून ठेवावीत, तुम्ही तपासावीत.

आणि एक काम पुढच्या उन्हाळ्याच्या आत संपवावे. तुमच्या पत्रावरून मला असे दिसते की धंद्याचा नंबर हा त्याचा स्वतःचाच नंबर आहे. पाकिटबंद मालावर तक्रारीसाठी संपर्काचे नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल छापणे वैधमापनाच्या 2011 च्या नियमांनुसार आवश्यक आहे, तसा अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांकही. तुमच्या पाकिटावर आज त्याचाच फोन छापलेला असणार. बारावीनंतर तो शिकायला नागपूरला किंवा अमरावतीला गेला की तो नंबर त्याच्यासोबत जाईल, आणि पाकीट पाहून फोन करणाऱ्याला वसतिगृहातला मुलगा भेटेल. तुमच्या नावाने वेगळे सिम घ्यावे, व्हॉट्सॲपचे खाते त्या नंबरावर हलवावे, जुन्या ग्राहकांना दोनदा कळवावे, आणि गूगलवरच्या दुकानाच्या पानाचे मालक म्हणून त्याच्या ई-मेलसोबत तुमचाही ई-मेल जोडून घ्यावा. नवी पाकिटे छापायला देण्याआधी हे झालेले असावे.